पाण्यात कधी टाकायचं?

मनूला पाण्यात कधी टाकणार, असं नणंदेनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मनू साडेपाच महिन्यांची होती. नुकती पालथी पडायला लागली होती, आणि पालथी पडली की परत उताणं होता येत नाही म्हणून भोकाड पसरत होती. नणंद ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला असते. व्हिडिओ कॉलवर तिच्या पाठीमागे तिचं परसदार दिसत होतं, आणि परसदारात चक्क पोहण्याचा तलाव. निळाशार, भोवती काचेचं कुंपण. तिचा मुलगा सहाव्या महिन्यापासून पोहण्याच्या क्लासला जातो. तिच्या ओळखीतली सगळीच जातात म्हणे. "उशीर नको करूस गं," ती म्हणाली, "एकदा भीती बसली की संपलं."

फोन ठेवायच्या आत मागून आबांचा आवाज आला. "पाच वर्साची हुंदे. मग मी बघतो."

आबा म्हणजे माझे सासरे, कराडच्या अलीकडच्या एका गावातले. त्यांना पोहायला शिकवलं म्हणजे काय केलं, तर चुलत्यानं पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा करकचून बांधला, मोटेच्या थारोळ्यावर उभं केलं आणि मागून ढकलून दिलं. पहिल्या दिवशी निम्मी विहीर पोटात गेली, असं ते अजून सांगतात. पंधरा दिवसांत बिंडा सुटला आणि सुट्टी संपेपर्यंत ते मुटके मारायला लागले होते. पुढे कृष्णेला पाणी चढलं की हा गडी पैलतीरावर जाऊन काकड्या तोडून आणायचा. काकड्यांचा भाग मला थोडा फुगवलेला वाटतो, पण सासऱ्यांच्या गोष्टीत सुनेनं टाचणी लावू नये.

नणंदेचं 'टाकणं' म्हणजे क्लासमध्ये नाव घालणं. आबांचं 'टाकणं' शब्दशः टाकणं. आणि मला तर पोहताच येत नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी पोहण्यासाठी नसतंच मुळी, साठवण्यासाठी असतं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री दोनला. पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. हौद, पिंप, हंडे, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा. उन्हाळ्यात मामेभाऊ मळ्यातल्या विहिरीवर जायचे. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. आम्हाला कुणी नको म्हटलं नव्हतं. तो प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता, आमच्याही.

तर पोहता न येणारी मी, रात्री मनूला पाजता पाजता, एका हातानं फोनवर उत्तर शोधायला लागले.

पहिली गोष्ट कळली ती ही की मोठमोठ्या डॉक्टरांनीही आपलं म्हणणं बदललेलं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. तिनं २००० साली सांगितलं होतं की चौथ्या वाढदिवसाआधी मुलं रीतसर पोहणं शिकण्याइतकी तयार नसतात. म्हणजे जवळजवळ आबांचंच मत. २०१० मध्ये संघटना जरा मऊ झाली आणि एक ते चार वर्षांच्या मुलांनाही फायदा होत असावा, असं म्हणाली. २०१९ मध्ये आणखी एक पाऊल पुढे: पुष्कळ मुलांना पहिल्या वाढदिवसानंतर सुरुवात करायला हरकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांना क्लासला घातल्यानं ती बुडण्यापासून वाचतात, याचा पुरावा मात्र नाही.

मत बदललं त्यामागे २००९ सालचा एक अमेरिकन अभ्यास होता. त्यातला ८८ हा आकडा पोहण्याच्या क्लासच्या जाहिरातींत सापडतो: रीतसर शिकणाऱ्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. मी मूळ अभ्यास उघडून बघितला. बुडून गेलेल्या त्या वयाच्या ६१ मुलांच्या घरच्यांना विचारलं होतं, मूल पोहायला शिकत होतं का. फक्त दोघं शिकत होती. त्यांच्याशी ताडून बघायला घेतलेल्या १३४ मुलांपैकी ३५ शिकत होती. त्यावरून ८८. पण खरा आकडा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असंही तिथेच लिहिलंय, आणि ते जाहिरातीत येत नाही.

ही सगळी हुशारी दुसऱ्या दिवशीची. त्या रात्री मी ६१ वर अडकले होते. एकसष्ट घरांत कुणीतरी शांत आवाजात विचारलं असणार, तुमचं मूल पोहायला शिकत होतं का हो. मी फोन पालथा ठेवला आणि मनूच्या पोटावर हात ठेवून पडून राहिले.

मनू दहा महिन्यांची झाली तेव्हा आम्ही जाऊन आलोच. पुण्यातलाच एक बंदिस्त, गरम पाण्याचा छोटा तलाव. फी आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याइतकी. रविवारी सकाळी साडेनऊला आठ बाळं, आठ आया, पाच बाबा. बाबा लोकांनी पोटं आत ओढून धरलेली. बाळांच्या ढुंगणांना बदकांची चित्रं असलेली पाण्यातली लंगोटं. (त्यात शी अडते, शू अडत नाही, हे मला चौथ्या रविवारी कळलं आणि मग मी कळलं नाही असं ठरवून टाकलं.) भिंतीवरच्या फळ्यावर पाण्याचं तापमान लिहिलेलं: ३२ अंश. स्पर्धांचे तलाव २५ ते २८ अंशांचे असतात. पण बाळाचं वजन थोडं आणि त्या मानानं कातडी पुष्कळ, त्यामुळे ते बघता बघता गारठतं. ओठ निळसर दिसले की बाहेर, क्लास संपलेला असो-नसो, एवढी एक गोष्ट तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावली आणि ती मला फार आवडली.

ताई चांगल्या होत्या. त्यांनी लाल प्लास्टिकचा मग घेतला, मनूच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "वन, टू, थ्री," आणि डोक्यावरून हळूच पाणी सोडलं. मनूनं डोळे विस्फारले, श्वास धरला, पाणी ओघळून गेल्यावर हुश्श करून सोडला, आणि मग ताईंकडे बघून हसली. सगळे बघत राहिले. बाकीची सात बाळं रडली होती. "हिला सवय आहे का?" ताईंनी विचारलं.

होती ना. माझं बाळंतपण सोलापूरला झालं. आज्जी न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेऊन पाय लांब करायची आणि त्या दोन पायांच्या पन्हळीत मनूला कधी उताणी, कधी पालथी घालायची. मसुरीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. मग शेजारच्या घंगाळातून तांब्या भरायचा, "हर हर गंगे" म्हणायचं आणि कपाळावर हात आडवा धरून डोक्यावरून धार. रोज, एकाच सुरात, एकाच वेळी. तिसऱ्या आठवड्यात मनू 'हर हर' ऐकलं की 'गंगे'च्या आधीच श्वास धरायला लागली होती. ब्रिस्बेनच्या क्लासमध्येही पहिले काही आठवडे हेच करतात, असं नणंदेनं नंतर सांगितलं. खूण द्यायची, पाणी सोडायचं, पुन्हा खूण. मी आज्जीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "पैशे घेतात होय त्याचे?"

तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आलं की घसा आपोआप मिटतो, श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. पहिल्या सहा महिन्यांत हे जोरात असतं. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तरंगणाऱ्या बाळांचे जे व्हिडिओ फिरतात आणि खाली 'बाळ जन्मतःच पोहतं' असं लिहिलेलं असतं, ते सगळं या प्रतिक्षिप्त क्रियेवर चालतं. मर्टल मॅकग्रॉ नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३० च्या दशकात बाळांना पाण्यात धरून त्यांच्या हातापायांच्या हालचाली बारकाईनं टिपल्या आणि १९३९ साली त्यावर लिहिलं. अगदी लहान बाळं पाण्यात हातपाय तालात मारतात. काही महिन्यांनी तो ताल मोडतो, बाळ धडपडतं, आधाराला धरू बघतं. ठरवून केलेली हालचाल यायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. पण त्या पहिल्या तालबद्ध दिवसांतही बाळाला श्वास घ्यायला डोकं वर काढता येत नाही. आणि श्वास घेता येत नसेल तर त्याला पोहणं कसं म्हणायचं? ती फक्त बुडण्याची सुबक पद्धत झाली.

याच बाईंनी जॉनी आणि जिमी या जुळ्यांवर एक प्रयोग केला होता. एकाला सगळं लवकर शिकवायचं, दुसऱ्याला वाट बघायला लावायची. जॉनी वर्षाच्या आसपास चाकांचे बूट घालून फिरायला लागला. मात्र तीनचाकी सायकलवर त्याला अकराव्या महिन्यापासून बसवूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला कितीतरी महिने गेले. जिमीला उशिरा, बावीस महिन्यांचा झाल्यावर सायकल दिली आणि तो भराभर शिकला. एखाद्या गोष्टीला लवकर सुरुवात केली तर ती लवकर येतेच असं नाही. कधी कधी नुसती जास्त दिवस चालते.

आता एक जरा कडू गोष्ट. आमच्या शेजारणीनं बाळाला 'बेबी स्पा'त नेलं होतं. गळ्याभोवती फुगवलेली गोल रिंग, खाली बाळ लोंबकळतंय, फुलांच्या पाकळ्या, फोटो. फोटो गोड आला. पण अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जून २०२२ मध्ये या गळ्यातल्या रिंगांबद्दल पालकांना इशारा दिला होता, कारण बाळ त्यातून निसटून एक दगावलं होतं आणि एक रुग्णालयात पोचलं होतं. इशारा विशेष करून ज्या बाळांची वाढ मागे आहे त्यांच्यासाठी होता, आणि गंमत अशी की नेमकं त्यांच्याच व्यायामासाठी म्हणून ती विकली जात होती. आपल्याकडे ऑनलाइन घरपोच मिळते. मी शेजारणीला ते वाचायला पाठवलं. महिनाभर ती लिफ्टमध्ये माझ्याशी बोलली नाही. दंडातल्या फुग्यांचंही मला कौतुक नाही. ते हवा गेली की संपले, आणि मूल पाण्यात उभं राहायला शिकतं. पोहायचं असतं आडवं.

आम्ही आठ रविवार गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. मनूला सगळ्यात जास्त आवडली ती लॉकरची किल्ली. मला आवडलं ते हे की अर्धा तास मी आणि नवरा, दोघांचेही फोन कुलपात, आणि चार डोळे एका पोरीवर. घरी असं कधी होत नव्हतं. आठव्या रविवारी सगळ्या बाळांना रंगीत प्रमाणपत्रं दिली. त्यावर मनूचं नाव, एक डॉल्फिन आणि खाली लिहिलेलं: 'वॉटर सेफ'.

ते वाचून पोटात गोळा आला. पहिल्या वाढदिवसाला दोन आठवडे राहिलेल्या, अजून धरून धरून चालणाऱ्या पोरीला पाण्यापासून सुरक्षित म्हणायचं? मी ताईंना विचारलंही. त्या ओशाळून म्हणाल्या, "अहो, वरून छापून येतं ते." नवऱ्यानं प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं, मी दुसऱ्या दिवशी काढलं. मूल पोहायला शिकतंय म्हटलं की आईबापांचं लक्ष हळूहळू सैल होतं, असं कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. फ्रिजवर डॉल्फिन दिसत राहिला असता तर माझंही झालं असतं. मी काही वेगळ्या मातीची नाही.

मग कधी? ऑस्ट्रेलियातच याचं उत्तर सापडलं, म्हणजे नणंदेच्या देशात आणि आबांच्या बाजूनं. १९९५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीनशेहून जास्त मुलांचे धडे मोजले. क्रॉल पद्धतीनं, म्हणजे पालथं होऊन आळीपाळीनं एकेक हात मारत, दहा मीटर पोहता यायला किती दिवस लागतात? दोन, तीन किंवा चार वर्षांची असताना सुरुवात केलेली मुलं, सगळी साधारण साडेपाच वर्षांची झाल्यावरच तिथवर पोचली. पाच-सहा वर्षांची होऊन आलेली थोड्या महिन्यांत पोचली. म्हणजे दोन वर्षांच्या वयात सुरुवात केलेल्यांनी साडेतीन वर्षं फी भरली आणि मुक्काम तोच गाठला. हे मी आबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी भाकरी एक जास्त खाल्ली.

तरी नणंदेला मी चूक म्हणणार नाही. तिचा तलाव स्वयंपाकघरापासून पंधरा पावलांवर आहे. तिथे कायद्यानंच कुंपण लागतं, निदान १.२ मीटर उंच, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं, आणि तरीही फाटकाला कधीतरी कुणीतरी खुर्ची लावून ठेवतं. अशा घरात दोन वर्षांच्या पोराला पाण्यात वळून काठ धरता आला तर ते हवंच आहे. तिचा प्रश्न तिच्या परसदारातून आलाय. मी तो उचलून कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर आणला आणि उत्तर शोधत बसले, ही माझी चूक. आमच्याकडे कुठे होता तलाव?

तर मी सात वर्षांची होते. भाऊ दीड वर्षाचा. सोलापूरच्या घरी दुपारी अवेळी पाणी आलं. आई आणि काकू अंगणातल्या नळावर, बादली भरली की मागच्या दारानं न्हाणीत नेऊन ठेवायच्या. आईनं जाता जाता म्हटलं, "बघ हं त्याला." मी बघत होते. मग शेजारच्या सुमीनं हाक मारली, नवा सागरगोट्यांचा डाव दाखवायला. मी उंबऱ्यात उभी राहिले, एक पाय आत, एक बाहेर. न्हाणी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मला काही ऐकू आलं नाही. पाण्याचा आवाज नाही, रडणं नाही, भांडं पडल्याचा आवाज नाही. आज्जी पाय धुवायला गेली आणि तिला बादलीतून वर आलेले दोन पाय दिसले.

तिनं घोटे धरून उपसलं त्याला, माळ्यावरची मोळी उपसावी तसं. खोकला, ओकला, मग रडला. ते रडणं ऐकून घर जागं झालं. मला कुणी बोललं नाही. आजतागायत नाही. भाऊ आता हिंजवडीला नोकरी करतो, सहा फूट उंच आहे, आणि त्याला यातलं काही माहीत आहे की नाही हे मला माहीत नाही.

का आवाज आला नाही, हे मला तिशी उलटल्यावर वाचून कळलं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून दाखवलं होतं की बुडणारा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? आणि हे सगळं वीस ते साठ सेकंदांत. दीड वर्षाच्या पोराला तर तेवढंही जमत नाही. जन्मतः डोकं अंगाच्या लांबीच्या एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं साधारण एक अष्टमांश. रांगतं-चालतं मूल वरच्या अंगाला जड असतं. बादलीत वाकून बघितलं की तोल पुढे जातो, आणि भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोची, ती दहा किलोच्या पोरानं कलंडत नाही. रिकामी असती तर पडली असती आणि खरचटण्यावर निभावलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२१ साली जगात तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांच्या आतली होती. यातली बहुतेक ब्रिस्बेनसारख्या निळ्या तलावात नाहीत. तळी, डबकी, कालवे, हौद, पिंपं.

बांगलादेशात, जिथे घरामागे पुकुर म्हणजे छोटं तळं असतंच, तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवत बसले नाहीत. त्यांनी गावागावांत पाळणाघरं काढली. सकाळी नऊ ते दुपारी एक, कारण त्याच वेळात आई चुलीपाशी किंवा शेतात असते आणि मुलं पाण्याकडे जातात. एक बाई, पंचवीसेक मुलं, दाराला आडवी फळी. एवढ्यानं तिथल्या त्या वयाच्या मुलांचं बुडणं ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं. पोहायला शिकवतात ते चौथ्या वर्षानंतर, तळ्यातच बांबूचा मांडव उभारून. त्या पाळणाघरांचं नाव आहे 'आंचल'. पदर. हे वाचलं तेव्हा मनू माझ्या ओढणीचं टोक चघळत मांडीवर झोपली होती. मला आईचं "बघ हं त्याला" आठवलं. सात वर्षांच्या मुलीकडे तो पदर सोपवून आई पाणी भरत होती. तिला दुसरा इलाज नव्हता, हे आता कळतं.

आमच्या घरात त्या दिवसापासून न्हाणीघरातल्या बादल्या पालथ्या असतात. पिंपाला झाकण, झाकणावर पाटा. दाराला वर कडी, माझ्या खांद्याच्या उंचीवर. पाहुणे आले की हात धुवायला बादली सुलटी करावी लागते आणि कुणीतरी विचारतंच, पाणी येत नाही का तुमच्याकडे.

मनू अडीच वर्षांची असताना आम्ही गावी गेलो. आबांची विहीर आहे अजून, पण मोट गेली, थारोळं ढासळलं, बांधावरचा पांगाराही कधीच तुटला. शेजारच्या रानात आता शेततळं आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत अशी पुष्कळ झाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, आणि पाणी मुरू नये म्हणून काळ्या प्लास्टिकचं अस्तर. दुष्काळी भागात ज्यांनी केलंय त्यांना विचारा, फळबाग त्यानं वाचते. पण उन्हाळा आला की पेपरात बातमी येते: शेततळ्यात बुडून दोन सख्ख्या भावांचा मृत्यू. किंवा आई आणि मुलगी. किंवा पोहता येणारा बापसुद्धा, कारण प्लास्टिक शेवाळतं, उतार बशीसारखा असतो आणि चढायला धरायला काहीच नसतं. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मुळ्या असतात. विहिरीत पडलेला माणूस कशाला तरी धरू शकतो.

पैलतीरावरून काकड्या आणणारे आबा त्या शेततळ्याच्या काठावर उभे राहिले आणि त्यांनी मनूचा हात इतका घट्ट धरला की ती "दुखतंय" म्हणून ओरडली. दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याकडे गेले. दोघांनी मिळून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा नायलॉनच्या दोरानं गुंफल्या आणि चारही बाजूंना काठावरून खाली पाण्यात सोडल्या, खुंटा ठोकून. शेजारी कुंपणाला मात्र तयार नव्हता, खर्च आहे म्हणून. आबांनी गेल्या दिवाळीत त्याच्या मागे लागून तारेचंही करून घेतलं. निम्मे पैसे स्वतःचे घातले असणार, सासूबाईंना सांगितलेलं नाही.

आणि मी? मी यंदा एप्रिलमध्ये महिलांच्या बॅचला नाव घातलं. सकाळी सव्वादहा ते अकरा, पस्तिशीपुढच्या बाराजणी, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि सगळ्यांचे दोन्ही हात दांडीला. मनूच्या आठ रविवारांत मी छातीभर पाण्यात तिला धरून उभी होते, पण पाय टेकलेले होते. समजा ती हातातून सुटून खोल भागाकडे गेली असती, तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, तो अडीच वर्षांनी पडला. शिकवणाऱ्या बाई रोज एकच सांगतात: "श्वास धरून ठेवू नका हो, पाण्यात सोडा, बुडबुडे काढा." छत्तीस वर्षांच्या बाईला बुडबुडे काढायला अकरा दिवस लागले. अठराव्या दिवशी दांडी सुटली. महिन्याच्या शेवटी मी उताणी तरंगले, कान पाण्यात, वर पत्र्याचं छप्पर, आणि सगळ्या जगाचा आवाज बंद. तरंगताना मला फार बरं वाटत होतं आणि त्याच वेळी त्या शांततेनं माझ्या अंगावर काटा आला. मी पाय टेकून उभी राहिले.

मनू आता साडेतीन वर्षांची आहे. गावाला गेलं की आबा तिला ओढ्यात, तिच्या घोट्याएवढ्या पाण्यात बसवतात आणि स्वतः शेजारी बसतात. तांब्या ती आणते. "हर हर गंगे" म्हणून आबांच्या टकलावर ओतते. शिकवणं वगैरे काही नाही.

मे महिन्यात बघितलं तर ओसरीवर तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा होता, नीट धुऊन वाळवलेला, झाकणाला मेण लावलेलं, आणि कडेनं सुताचा नवा दोर. पांगारा कुठे मिळाला नाही म्हणून आबांनी हे केलं होतं. मनूनं त्या डब्यावर बाहुलीला बसवून तिची वेणी घालायला घेतली होती. मी डबा उचलून माळ्यावर ठेवायला गेले, तर आबा झोपाळ्यावरूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अजून दोन उन्हाळं हायती."